व्हॉइसओव्हरसाठी क्लोज्ड-बॅक हेडफोन निवडताना

"ताई, माइक आणला, आता हेडफोन कुठला घेऊ?" माझ्याकडे व्हॉइसओव्हर शिकायला येणारं जवळजवळ प्रत्येक जण हे विचारतं. त्यांना एका मॉडेलचं नाव हवं असतं. मी नावं सांगते, पण सगळ्यात शेवटी. कारण एकच हेडफोन एकीच्या डोक्यावर अगदी नीट बसतो आणि दुसरीच्या कानाशी त्याची फट राहते. फट राहिली की तो कितीही महाग असला तरी आपल्या कामाचा नाही.

मी ठाण्यात नौपाड्याला राहते. बेडरूमच्या कोपऱ्यात, कपाट आणि जाड गोधड्या यांच्या मध्ये माझा माइक उभा असतो. रेकॉर्डिंग सुरू झालं की पंखा बंद, एसी बंद. माइक तोंडापासून वीतभर अंतरावर, म्हणजे कानावरच्या हेडफोनपासून जेमतेम दोन विती. घरून काम करणाऱ्या बहुतेकांची मांडणी साधारण अशीच असते, म्हणून क्लोज्ड-बॅकचा, म्हणजे कपाची मागची बाजू बंद असलेल्या हेडफोनचा आग्रह. ओपन-बॅक हेडफोनच्या कपाला मागून जाळी असते, त्यातून आवाज बाहेर पडतो, आणि कंडेन्सर माइक, म्हणजे बारीक आवाजही पकडणारा माइक, तो हमखास टिपतो.

हा गळलेला आवाज कुठे नडतो ते आधी समजून घ्या. डबिंगमध्ये कानात पायलट ट्रॅक, म्हणजे मूळ संवादांचा आवाज चालू असतो. जाहिरातीत खाली म्युझिक असतं. ऑडिओबुकमध्ये चुकल्यावर आधीचं वाक्य कानात वाजवून तिथूनच पुढचं वाक्य जोडायचं असतं. या तिन्ही वेळी माइक चालू आणि कानातही काहीतरी वाजतंय. मग दोन शब्दांमधल्या शांततेत मूळ भाषेतल्या नटाची कुजबुज ऐकू येते, ती एडिटिंगमध्ये पुसता येत नाही आणि टेक फेकून द्यावा लागतो. ऑडिओबुकसाठी एसीएक्सचा (ऑडिबलच्या ऑडिओबुक मंचाचा) नियम असा आहे की शांत भागातला आवाज उणे ६० डेसिबलच्या खालीच हवा. तिथे एवढीशी गळतीही खपत नाही. याउलट, कानात काहीच न वाजवता सलग वाचणार असाल तर गळतीचा प्रश्नच उरत नाही. आणि नंतर एडिटिंग करताना ओपन-बॅक कानाला फार सुखाचा पडतो. पैसे एकाच हेडफोनपुरते असतील तर मात्र क्लोज्ड-बॅकच घ्या.

बाहेरचा आवाज आत येऊ न देणं हे त्याचं दुसरं काम. आमच्याकडे लोकलचा भोंगा सारखा ऐकू येतो. तो माइकमध्ये आला की नुसताच माझ्या कानाला ऐकू आला, हे मला बोलता बोलता कळायला हवं, म्हणजे टेक थांबवायचा की पुढे जायचं ते ठरवता येतं. पण इथे एक मर्यादा आहे. कप आणि गादी यांनी वरच्या पट्टीतले आवाज छान अडतात. ट्रकची घरघर, गाडी गेल्यावर जमिनीतून येणारी थरथर फारशी अडत नाही. डब्यावर ३२ डेसिबल लिहिलेलं असलं तरी ते प्रत्येक आवाजाला लागू नसतं. यावर उपाय म्हणून नॉइज कॅन्सलिंगवाला हेडफोन घेऊ नका. तो घरघर फक्त तुमच्या कानापुरती नाहीशी करतो. माइकमध्ये ती जातेच, आणि तुम्हाला पत्ता लागत नाही.

कान, चष्मा, केस

हेडफोनचं सगळं गणित गादी कानाभोवती किती घट्ट बसते यावर आहे. कान पूर्ण आत मावला पाहिजे, पाळी दुमडता कामा नये, आणि गादी सगळीकडून त्वचेला टेकली पाहिजे. चष्म्याची काडी मध्ये आली की कानाच्या वर बारीकशी फट पडते. त्या फटीतून आधी खालचे सूर निसटतात.

ऐरोलीहून माझ्याकडे येणारी एक मुलगी सारखी म्हणायची, "माझा आवाज पातळ येतो." तिच्या फाइल्स मी माझ्याकडे ऐकल्या तर त्या उलट गुबगुबीत. ती हेडफोनमध्ये ऐकून प्रत्येक फाइलला बास वाढवत होती, कारण चष्म्याच्या जाड काडीमुळे तो बास तिच्या कानापर्यंत पोचतच नव्हता. बारीक तारेच्या काड्यांचा चष्मा आणि जरा मऊ गाद्या, एवढ्यावर काम झालं.

हे तपासायची युक्ती सोपी आहे. हेडफोन नेहमीसारखा घाला, चष्मा लावत असाल तर चष्म्यासकट. स्वतःच्या आवाजाची फाइल लावा. मग दोन्ही तळव्यांनी कप हलकेच कानावर दाबा आणि सोडा. दाबल्यावर आवाज एकदम भरदार झाला आणि सोडल्यावर पुन्हा पातळ, तर फट आहे. फारसा फरक पडला नाही तर गादी बसली. दुकानात दहा हेडफोन ठेवले असतील तर या एका परीक्षेत निम्मे बाद होतात.

केसांचंही बघा. उंच अंबाडा बांधला की वरची पट्टी पुढे किंवा मागे सरकते आणि कप तिरके होतात. रेकॉर्डिंगला मानेवर सैल वेणी बरी. झुमके, काकणं, लांब मंगळसूत्र यांची किणकिण तशीही माइकमध्ये येते, म्हणून ती काढूनच बसायचं.

दुकानात काय ऐकायचं

गाणं ऐकून हेडफोन निवडू नका. गाणं चांगलं वाजावं म्हणून कित्येक हेडफोनना बास चढवलेला असतो, आणि त्यात आपला आवाजही भारदस्त वाटतो. आपल्याला तर आपले दोष दाखवणारा हेडफोन हवा.

घरी तुमच्याच माइकवर दोन-तीन मिनिटं रेकॉर्ड करा, काहीही प्रक्रिया न करता. फाइल डब्ल्यूएव्ही ठेवा; व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट म्हणून पाठवलेली चालणार नाही. त्यात मराठीचे अवघड आवाज मुद्दाम घ्या. "चोराच्या मनात चांदणं" म्हणा, "जास्त झाडं" म्हणा. यातले दंत्य च, ज, झ दातांशी घासत येतात आणि स, श सारखेच टोचू शकतात. ही टोचणी साधारण ५ ते ८ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असते. मग भाकरी, फणस, धबधबा असे शब्द घ्या, कारण भ, फ, ध म्हणताना हवेचा फटका माइकवर बसतो. शेवटी अर्धा मिनिट काहीच बोलू नका, नुसती खोली रेकॉर्ड करा. पुढची परीक्षा याच अर्ध्या मिनिटाची आहे.

दुकानात ही फाइल लावली की शांत भागात कान द्या. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे कुठे अर्थिंग बिघडलं असेल तर ५० आणि १०० हर्ट्झची गुणगुण येते. लॅपटॉपच्या स्पीकरवर ती ऐकू येत नाही, चांगल्या हेडफोनवर यायला हवी. त्यानंतर ओठ सुटताना होणारी चिकट टिकटिक, श्वास, पान उलटल्याचा आवाज. एका हेडफोनमध्ये हे सगळं स्वच्छ दिसतं आणि दुसऱ्यात गुळगुळीत होऊन जातं. गुळगुळीत करणारा परत ठेवा, तो कानाला कितीही गोड वाटला तरी.

हल्ली बऱ्याच फोनना हेडफोनचा जॅक नसतो, म्हणून यूएसबी-सीचा अडॅप्टर बरोबर न्या. शक्य असेल तर लॅपटॉप आणि आपला ऑडिओ इंटरफेसच (माइक आणि हेडफोन कॉम्प्युटरला जोडणारी पेटी) न्या. आणि एक हेडफोन डोक्यावर पंधरा-वीस मिनिटं तसाच राहू द्या. पट्टी टाळूवर टोचते का, जबड्यापाशी दाब येतो का, कान तापतात का, हे पहिल्या दोन मिनिटांत कळत नाही. ऑडिओबुक करणाऱ्याच्या डोक्यावर तो तासन्‌तास असणार आहे. दुकानदाराला आधीच सांगितलंत तर तो सहसा नाही म्हणत नाही. ऑनलाइन घेणार असाल तर परत करायची मुदत बघूनच घ्या आणि आल्या दिवशीच ही सगळी तपासणी उरका.

गळती घरी तपासायची. हेडफोन घालून माइकसमोर नेहमीच्या जागी बसा, कानात पायलट किंवा मेट्रोनोम (ठरावीक लयीत टकटक करणारं ॲप) नेहमीच्या आवाजात लावा, रेकॉर्ड सुरू करा आणि गप्प बसा. नंतर फाइल मोठ्या आवाजात ऐका. टकटक किंवा पायलट स्पष्ट येत असेल तर आधी कानातला आवाज कमी करून बघा. तरीही येत असेल तर तो हेडफोन तुमच्या डोक्यासाठी नाही.

स्वतःचा आवाज कानात

दोन्ही कान बंद करून बोललं की हाडांमधून येणारा आपला आवाज आत घुमतो. नवख्यांना तो चमत्कारिक वाटतो आणि ते आवाज बदलून बोलायला लागतात. म्हणून पुष्कळ डबिंग कलाकार एक कान मोकळा ठेवतात. मलाही नाट्यमय संवादांना तेच आवडतं. पण मोकळा कप हवेत लटकत ठेवू नका, कानामागे डोक्यावर घट्ट टेकवा किंवा त्या बाजूचा आवाजच बंद करा. नाहीतर क्लोज्ड-बॅक घेतल्याचा उपयोग काय! कप वळणारा हेडफोन इथे सोयीचा पडतो.

कानातला आवाज किती ठेवायचा यावर तुमचं वाचन अवलंबून असतं. स्वतःला फार मोठ्याने ऐकलंत की तुम्ही नकळत आवाज आखडता, वाक्यांचे शेवट गिळता. फार हळू ऐकलंत की घसा ताणून बोलता. मी मॉनिटरचा, म्हणजे कानात येणारा माझाच आवाज समोर बसलेल्या माणसाशी बोलताना जेवढा ऐकू येतो तेवढाच ठेवते. कानाच्या तब्येतीसाठीही ते बरं. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला ८० डेसिबलला आठवड्याला ४० तासांपर्यंतचा आहे, आणि त्याहून मोठ्या आवाजाला ही मुदत झपाट्याने कमी होते.

ब्लूटूथ या कामाला चालत नाही. त्यात आवाज बहुधा १०० मिलिसेकंदांहून जास्त उशिरा येतो; आपलाच शब्द मागून ऐकू आला की जीभ अडखळते. वायरचा हेडफोन असूनही उशीर जाणवत असेल तर दोष सॉफ्टवेअरच्या बफरचा आहे, म्हणजे आवाज पुढे पाठवण्याआधी ते जो तुकडा साठवून घेतं त्याचा. ४८ किलोहर्ट्झला ५१२ सॅम्पलचा एक बफर म्हणजेच जवळपास ११ मिलिसेकंद, आणि आवाज आत येताना एकदा, बाहेर जाताना एकदा असा तो भोगावा लागतो. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण असतं, ते चालू करा; मग माइकचा आवाज कॉम्प्युटरमधून न फिरता थेट कानात येतो.

ओहमचा, म्हणजे हेडफोनच्या विजेला होणाऱ्या अडथळ्याच्या आकड्याचा बाऊ करू नका. ३० ते ८० ओहमच्या दरम्यानचा हेडफोन साध्या इंटरफेसवर व्यवस्थित चालतो. २५० ओहमचा फोनवर किंवा लॅपटॉपवर दबका वाजेल. वायर तीन मीटरची सरळ असेल तर ती खुर्चीच्या चाकाखाली येते. गुंडाळीची वायर आटोपशीर, पण मान ओढते. काढता येणारी सगळ्यात चांगली, कारण तुटते ती वायरच. इंटरफेसला बहुतेक वेळा ६.३ मिलिमीटरचा जाड जॅक लागतो, अडॅप्टर डब्यात आहे ना ते बघा.

आता नावं

सोनी एमडीआर-७५०६ हा १९९१ पासूनचा आणि व्हॉइसच्या कामाला माझी पहिली पसंती. ६३ ओहम, हलका, घडी होणारा. वरच्या पट्टीत जरा तीक्ष्ण आहे, त्यामुळे टिकटिक आणि स, शचा सिसकारा लपत नाही. वायर गुंडाळीची आणि न निघणारी, गाद्या पातळ. कान मोठे असतील तर आत कपाला टेकतात.

ऑडिओ-टेक्निकाच्या एम मालिकेत एम५०एक्सचं नाव फार होतं, पण त्यात बास थोडा वर आहे. निव्वळ आवाजाच्या कामाला मी एम४०एक्स सुचवते. तो अधिक सपाट वाजतो, म्हणजे कुठलेच सूर फार चढवत नाही, ३५ ओहमचा आहे आणि त्याची वायर निघते. हात आखडता असेल तर एम२०एक्सवर सुरुवात करायला काही हरकत नाही, फक्त त्याची वायर कायमची जोडलेली असते.

सेनहायझर एचडी २८० प्रो बाहेरचा आवाज उत्तम अडवतो. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेला घर असेल तर त्याचा विचार जरूर करा. मात्र तो डोकं घट्ट धरतो; चष्मेवाल्यांनी जास्त वेळ घालून बघावा. बायरडायनामिक डीटी ७७० प्रोचा ८० ओहमवाला प्रकार मखमली गाद्यांमुळे चष्म्याला सगळ्यात मऊ. त्यात खालचे आणि वरचे सूर दोन्ही उठून येतात, म्हणून एडिटिंगमध्ये बास आणि सिसकारा कापताना हात सांभाळायचा.

एम५०एक्स आणि ७५०६ यांच्या नकला बाजारात फिरतात. फारच स्वस्त मिळत असेल तर घेऊ नका. अधिकृत विक्रेत्याचं पक्कं बिल आणि वॉरंटी मागा.

आपल्याकडच्या हवेत हेडफोनचं आयुष्य गाद्यांवर ठरतं. एप्रिल-मेमध्ये एसी बंद करून बसलं की कानाभोवती घाम साचतो आणि रेक्झिनच्या गाद्यांचे काळे पापुद्रे गालाला चिकटायला लागतात. काम झालं की कोरड्या सुती फडक्याने पुसा, लगेच पिशवीत कोंबू नका. पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, मखमली गाद्यांना तर बुरशी लवकर धरते. गाद्या कडक झाल्या किंवा चपट्या झाल्या की बदला. वरच्या सगळ्या मॉडेलच्या गाद्या सुट्या मिळतात. जास्त जाड किंवा वेगळ्या कापडाच्या गाद्या लावल्या तर हेडफोनचा आवाज बदलतो, म्हणून शक्यतो मूळ कंपनीच्याच घ्या आणि जुन्या टाकून देण्याआधी तीच घरची फाइल दोन्हींवर ऐकून बघा.