वारा पडला म्हणून लगेच फवारणीचा ब्लोअर बाहेर काढू नका

डिसेंबर-जानेवारीत नाशिकच्या निफाड, दिंडोरी, चांदवडकडच्या द्राक्षपट्ट्यात एक सवय हमखास दिसते. दुपारी वारा सुटला म्हणून फवारणी थांबवायची आणि दिवेलागणीला पान हलेनासं झालं की काम उरकायचं. निदान तणनाशकापुरती तरी ही सवय मोडा.

दिवसा जमीन तापते, हवा वर उठते आणि त्या घुसळणीत वरचा जोराचा वारा खाली येतो. ऊन उतरलं की सगळं उलटं. निरभ्र रात्री जमीन झपाट्याने निवते, तिच्या लगतची हवा गार आणि जड होऊन तिथेच बसते. वर वारा चालूच असतो, खाली मात्र शांत. अशा हवेत फवाऱ्याचे बारीक थेंब वर विरत नाहीत आणि पटकन खालीही बसत नाहीत. उताराकडे सरकत राहतात. शेजारच्या उसात मारलेलं टू-फोर-डी (रुंद पानांच्या तणांवरचं तणनाशक) अशा वेळी द्राक्षात शिरतं आणि काही दिवसांनी कोवळी पानं पंख्यासारखी आखडतात. मग बांधावरची भांडणं!

पारख सोपी आहे. मूठभर ओला पाला पेटवा. धूर वर जाऊन विरला तर ठीक. छपराच्या उंचीवर आडवा पसरून लोंबकळला तर पंप ठेवून द्या. दव उडाल्यावर, साधारण 9-10 वाजता, ताशी 3 ते 10 किलोमीटरची झुळूक असताना आणि तीही बागेकडे जात नसताना मारा. एस्टर प्रकारातलं टू-फोर-डी तर उन्हातही वाफ होऊन पसरतं, ते बागेशेजारी नकोच.

थंडीचंही तेच. गार हवा पाण्यासारखी खोलगटात साचते. वारा अडवायला बांधलेल्या जुन्या साड्या किंवा शेवरीच्या झाडांची दाट रांग उताराच्या टोकाला असेल तर थंडीला धरण बांधल्यासारखं होतं. कडाक्याच्या रात्री तिथल्या साड्या खालून गुंडाळून वाट करा. एका मोठ्या जाळापेक्षा लहान शेकोट्या जास्त पेटवा, मोठ्या जाळाची ऊब सरळ वर निघून जाते. माती ओली ठेवा, ती दिवसाची ऊब धरते. पाणी दुपारी दिलेलं बरं, पण लाईट रात्रपाळीची असेल तर पहाटेचं ठिबकही चालेल.

आणि थर्मामीटर घराच्या भिंतीवर नको. बागेच्या सगळ्यात खोल कोपऱ्यात, घडांच्या उंचीवर टांगा.