फिट आली तेव्हा नेमकं काय पाहायचं?

फिट म्हटलं की हातपाय झाडणं आणि तोंडाला फेस, एवढंच डोळ्यांपुढे येतं. पण आकडीचे प्रकार अनेक आहेत आणि औषध प्रकार पाहूनच ठरतं. डॉक्टरांसमोर फिट क्वचितच येते. ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) नॉर्मल आला तरी अपस्मार, म्हणजे पुन्हा पुन्हा फिट येण्याचा आजार, नाही असं म्हणता येत नाही. म्हणून घरच्यांनी काय पाहिलं, याला फार मोल आहे.

सुरुवात कुठून झाली ते आधी पाहा. एकच हात किंवा ओठाचा एकच कोपरा उडू लागला, मान एका बाजूला वळली, पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं वाटलं, तर फिट बहुधा मेंदूच्या एका भागातून निघालेली असते. कधी झटके येतच नाहीत. माणूस एकटक बघतो, तोंड चघळल्यासारखं हलवतो, कपडे चाचपतो, हाकेला ओ देत नाही. एक-दोन मिनिटांनी थांबतं, पण नंतरही तो गोंधळलेला असतो. याला ‘बाहेरचं’ समजून उपचाराची वर्षं वाया जातात, हे फार वाईट. कारणं म्हणजे डोक्याला जुना मार, पक्षाघात, मेंदूज्वर, गाठ. भारतात आणखी एक नेहमी सापडतं: टेपवर्म या पोटातल्या जंताची अंडी. ती दूषित पाण्यातून, न धुतलेल्या कच्च्या भाजीतून पोटात जातात आणि त्यांच्या अळ्या मेंदूत पोहोचतात, त्यामुळे शाकाहारी माणसालाही हा आजार होतो.

दुसऱ्या गटात मेंदूच्या दोन्ही बाजू एकदम सापडतात. इथे बऱ्याचदा आनुवंशिक कल असतो. शाळकरी मूल बोलता बोलता 5 ते 15 सेकंद थबकतं आणि लगेच पूर्ववत होतं. ‘लक्ष नाही’ म्हणून उगाच ओरडा खातं. किशोरवयात सकाळी उठल्यावर हात दचकून उडतो, कप पडतो, जागरणानंतर तर जास्तच. या दोन्ही प्रकारांत कार्बामाझेपिन या फिटवरच्याच औषधाने फिट वाढू शकतात.

6 महिने ते 5 वर्षांच्या मुलांना तापात येणारी, साखर किंवा सोडियम घटल्याने, दारू अचानक सोडल्याने येणारी फिट म्हणजे अपस्मार नव्हे. अपस्मार असलेल्यांनी मात्र आधी गोळी चुकली का ते आठवावं.

फिट सुरू होताच घड्याळ पाहा, कुशीवर वळवा, दुसऱ्याला मोबाइलवर चित्रण करायला सांगा. तोंडात चमचा, पाणी काही नको. कांदा-चप्पल हुंगवून उपयोग नाही. 5 मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर येण्याआधी दुसरी आली, तर 108 ला फोन. नंतर एखादा हात काही वेळ लुळा वाटला तर कोणता ते लिहून ठेवा: फिट बहुधा मेंदूच्या विरुद्ध बाजूने निघालेली असते.