रिंग लायगेज जोडीने काम करतं का, हे कसं तपासायचं

युबिक्विटिन लायगेज (युबिक्विटिन हे छोटं प्रथिन इतर प्रथिनांना जोडून देणारं एंझाइम) दोन रेणूंच्या जोडीने काम करतं का, हे ठरवायच्या आधी त्याचं जीएसटी, म्हणजे शुद्धीकरणासाठी जोडलेलं टॅग-प्रथिन, कापून टाका. जीएसटी स्वतःच जोडीने राहतं. त्यामुळे जोडी जमवू न शकणारा म्युटंटसुद्धा त्याच्या आधाराने एकत्र येतो आणि जेलवर ठणठणीत दिसतो. शुद्धीकरण सोपं म्हणून जीएसटी घेतलंच असेल, तर मध्ये ३सी प्रोटिएज या कापणाऱ्या एंझाइमची साइट ठेवा. नाहीतर सरळ हिस-टॅग (हिस्टिडिनांची छोटी शेपटी) घ्या, पण निकेल कॉलमवरून प्रथिन इमिडॅझोलने उतरवा, धातूचे आयन ओढून घेणाऱ्या ईडीटीएने नाही. लायगेजमधल्या रिंग या भागाची घडी जस्ताच्या दोन आयनांवर उभी असते, ते गेले की रिंगही गेली. प्रथिन बनवायला लावणारं आयपीटीजी टाकताना कल्चरमध्ये १०० मायक्रोमोलर झिंक क्लोराइड द्या.

आधी साधी चाचणी. सगळे स्टॉक दहापट ठेवा, म्हणजे २० मायक्रोलिटरच्या रिअॅक्शनमध्ये प्रत्येकाचे २ मायक्रोलिटर पडतात: बफर (५०० मिलिमोलर ट्रिस पीएच ७.५, ५०० सोडियम क्लोराइड, ५० मॅग्नेशियम क्लोराइड, ५ डीटीटी), एटीपी २० मिलिमोलर, ई१ (युबिक्विटिन सक्रिय करणारं एंझाइम) १ मायक्रोमोलर, यूबीसीएच५ हे ई२ (ते युबिक्विटिन पुढे वाहून नेणारं एंझाइम) १० मायक्रोमोलर, युबिक्विटिन ५०० मायक्रोमोलर, तुमचं लायगेज १० मायक्रोमोलर. उरलेलं ८ मायक्रोलिटर पाणी. एटीपी सगळ्यात शेवटी. त्याचा स्टॉक आम्लधर्मी असतो, तेव्हा सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ७ वर आणल्याशिवाय वापरू नका. एटीपीविना, ई२विना आणि लायगेजविना अशा तीन नळ्या सोबत हव्यातच.

प्रोटोकॉलमधलं ‘रूम टेंपरेचर’ खोडून टाका. जानेवारीत निफाडचा पारा घसरतो तेव्हा नाशिकची लॅबही सकाळी गारठलेली असते आणि मे महिन्यात तीच लॅब तापते, मग दोन हंगामांतले वेग जुळणार कसे? ड्राय बाथ ३० अंशांवर ठेवा. थंडीत लोडिंग बफरमधलं एसडीएस तळाशी पांढरं बसतं. ते ३७ अंशांवर विरघळवून मगच वापरा.

जेलवर स्मिअर, म्हणजे युबिक्विटिन जोडल्या गेलेल्या प्रथिनांचा लांबट पट्टा, दिसला म्हणजे लायगेज जिवंत आहे, इतकंच. इथेच बरेचजण फसतात. या चाचणीत लायगेज स्वतःच सब्स्ट्रेटही असतं, त्यामुळे ते पातळ केल्यावर वेग का बदलला ते सांगता येत नाही. त्यासाठी लायसिन डिस्चार्ज करा, म्हणजे ई२वरचं युबिक्विटिन मोकळ्या लायसिनवर किती वेगाने उतरतं ते पाहा. लायगेजशिवाय ई२वर युबिक्विटिन चढवा, मग अपायरेज या एंझाइमने एटीपी संपवा. इथेही ईडीटीए टाळलेलं बरं, कारण तेच जस्त ओढतं. आता पीएच ८ ला आणलेलं २० मिलिमोलर लायसिन आणि लायगेज घाला. ०, १, २, ५ आणि १० मिनिटांचे नमुने डीटीटी नसलेल्या लोडिंग बफरमध्ये घ्या आणि उकळू नका, नाहीतर ई२ आणि युबिक्विटिनमधला बंध, म्हणजे थायोएस्टर, तुटतो. जेलवर २६ किलोडाल्टनचा (युबिक्विटिनसह ई२) बँड फिका होत जातो, १७चा (रिकामं ई२) गडद. लायगेजविना होणारी घट वजा करायला विसरू नका.

लायगेज २, १, ०.५ आणि ०.२५ मायक्रोमोलर घेऊन सुरुवातीचा वेग मोजा. एकट्याने काम करणारं असेल तर प्रमाण निम्मं केल्यावर वेगही निम्मा होतो. जोडीनेच चालणारं आणि जोडी सैल असेल तर तो चौथाईकडे झुकतो. जोडी घट्ट असली तर या पातळीला ती सुटतच नाही, आणि चाचणी तुम्हाला काहीच सांगत नाही.

अशा वेळी मेलेले दोन म्युटंट एकत्र करा. आरएनएफ४ या रिंग लायगेजमध्ये एक रिंग ई२ धरते आणि त्यावरच्या युबिक्विटिनला दुसऱ्या रिंगचं टायरोसिन आधार देतं. म्हणून ई२ न धरणारा एक आणि टायरोसिन बदललेला दुसरा असे दोन घ्या. वेगवेगळे निकामी, मिश्रणात काम परत आलं तर जोडी सिद्ध. मात्र पूर्ण वेगाची अपेक्षा नको: समसमान मिश्रणात निम्म्या जोड्या मिश्र, आणि त्यांतली एकच बाजू चालू, म्हणजे फार तर चौथा हिस्सा. घट्ट जोड्या नळीत लवकर अदलाबदल करत नाहीत, तेव्हा दोन वेगळे टॅग लावून दोघांना एकाच पेशीत बनवा.

आणि जोडी म्हणजे चालू असंही धरून चालू नका. एचयूडब्ल्यूई१ हे हेक्ट या दुसऱ्या प्रकारचं लायगेज जोडीत गेलं की उलट मंदावतं.