प्रेसनोट उलटी लिहू नका: पत्रकारिता-जनसंपर्काच्या विद्यार्थ्यांनो, या चुका टाळा

‘यांच्या अध्यक्षतेखाली व यांच्या प्रमुख उपस्थितीत…’ वृत्तपत्राला पाठवलेली प्रेसनोट (प्रसिद्धिपत्रक) अशी सुरू झाली की डेस्कवरचा, म्हणजे बातम्या तपासून पानात लावणारा उपसंपादक ती बाजूला सारतो, नाहीतर कापायला घेतो. वर्गात इंटर्नशिपच्या फाइलमध्ये दरवर्षी हीच नोट दिसते.

नेहमी घडणारा प्रकार असा. सामाजिक संस्थेत इंटर्नशिप करणारा विद्यार्थी मोफत सिकलसेल तपासणी शिबिराची नोट तयार करतो. विदर्भात रक्ताच्या या आनुवंशिक आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत, म्हणजे बातमी खरोखर लोकांच्या कामाची. नोट दोन पानांची. पहिल्या पानावर अध्यक्ष, पाहुणे, संस्थेचा इतिहास. दिवस, वेळ, पत्ता अगदी शेवटी. शहर पानावर जागा उरते शंभर शब्दांची आणि बातमी खालून कापण्याची डेस्कची जुनी सवय. सकाळी पेपरात पाहुण्यांची नावं येतात, शिबिराचं ठिकाण येत नाही. टेबलं मांडून तंत्रज्ञ बसलेले असतात आणि समोरच्या खुर्च्या रिकाम्या.

शिबिर नागपूरच्या इंदोरा भागात असेल, तर पहिली ओळ एवढीच हवी: ‘इंदोऱ्यात रविवारी (ता. १४) सकाळी १० ते दुपारी २ मोफत सिकलसेल तपासणी.’ त्यानंतर पूर्ण पत्ता, कोणासाठी, सोबत काय आणायचं, कोणाला फोन करायचा. पाहुणे सगळ्यात शेवटी, तेही दोघेच. नोट झाली की शेवटचा परिच्छेद हाताने झाका आणि वाचा. मग त्याच्या वरचा झाका. उरलेल्या दोन ओळींवर माणूस शिबिरात पोचला पाहिजे.

‘आज’, ‘उद्या’ हे शब्द प्रेसनोटमध्ये नकोतच. शुक्रवारी संध्याकाळी पाठवलेलं ‘उद्या’ वाचक शनिवारी वाचतो आणि रविवारी येऊन कुलूप पाहून जातो. वार आणि तारीख दोन्ही लिहा, कॅलेंडर समोर ठेवून जुळवा. दोन्ही दिले तरच एकातली चूक डेस्कच्या लक्षात येते.

नोट लेटरहेडवर छापून, त्याचा फोटो काढून पाठवणं हा आळस आहे. डेस्कला सगळं पुन्हा टाइप करावं लागतं आणि चुका तिथेच शिरतात. युनिकोडमधला मजकूर थेट ईमेलमध्ये टाका. कार्यक्रमाचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर छपाईला तो फुटतो. फोटोओळीत नावं डावीकडून.

आता नावं. आपल्याकडे वानखेडे आहेत तसे वानखडेही आहेत, आणि वानखडेंना वानखेडे केलेलं अजिबात खपत नाही. कानावर विसंबू नका. वही पुढे करा, ‘तुमच्याच हाताने लिहून द्या’ म्हणा आणि ते पान जपा. मोबाइलमधलं रेकॉर्डिंग स्पेलिंग सांगत नाही.

पदांचा घोळ याहून वाईट. नागपुरात विभागीय आयुक्त आहेत, महापालिका आयुक्त आहेत, पोलिस आयुक्त आहेत. नुसतं ‘आयुक्तांनी सांगितले’ लिहून काय कळणार? खड्ड्याच्या बातमीचंही तेच. रस्ता महापालिकेचा, सुधार प्रन्यासचा, सार्वजनिक बांधकाम विभागाचा की राष्ट्रीय महामार्गाचा, हे आधी शोधा. भलत्याच कार्यालयात जाऊन ‘अधिकाऱ्यांनी बोलण्यास नकार दिला’ असं लिहिणं म्हणजे वाचकाची फसवणूक. तसंच ‘मेडिकल’ आणि ‘मेयो’ बोलताना चालतं. बातमीत पहिल्या उल्लेखाला दोन्ही रुग्णालयांची पूर्ण नावं द्या.

पहिल्याच सेमिस्टरला हातात माईक हवा असणाऱ्यांची घाई समजते, पण पटत नाही. महापालिकेच्या एका सभेचा अजेंडा पूर्ण वाचून ३०० शब्द लिहिता येत नसतील, तर हिवाळी अधिवेशनाच्या गर्दीत बाईट (कॅमेऱ्यासमोरची प्रतिक्रिया) घेऊन हाती काहीच लागत नाही. एआयकडून बातमी लिहून घेणाऱ्यांना एवढंच सांगणं की ते यंत्र घटनास्थळी गेलेलं नसतं.

एक चूक मात्र कोणत्याही परिस्थितीत नको. लैंगिक अत्याचाराच्या बातमीत नाव बदललं म्हणजे ओळख लपली, असं विद्यार्थी धरून चालतात. पीडित मूल असेल तर पोक्सो कायद्याचं कलम २३ नावासोबत पत्ता, फोटो, कुटुंबाचा तपशील, शाळा आणि शेजारपरिसरही उघड करायला मनाई करतं. ‘अमुक वस्तीतल्या रिक्षाचालकाची आठवीतली मुलगी’ लिहिलंत की अख्ख्या मोहल्ल्याला कळतं. छापण्याआधी स्वतःला विचारा: शेजारीण हे वाचून घर ओळखेल का? ओळखणार असेल तर तो तपशील काढा.

प्रबंधासाठी माहिती अधिकाराचा अर्ज सबमिशनच्या महिन्यात टाकू नका. उत्तराची मुदतच ३० दिवसांची, अपिलाचा वेळ वेगळा. डिसेंबरमध्येच टाका. एका अर्जात एकच विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत, वर १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प. ‘का’ विचारू नका, कागद मागा: कामाचा आदेश, मोजमाप पुस्तिकेची प्रत, देयक. आणि आवक शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.