वावरातल्या घराचा हिशोब: उधारीचं पान कसं लिहावं

पगाराचे तीन भाग करा, महिन्याचं बजेट आखा, हे सल्ले नोकरदारांचे. आमच्याकडे पैसा दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनचा, मग वेचणी होईल तसा कापसाचा आणि शेवटी तुरीचा. खर्च मात्र मृगापासून सुरू. म्हणून हिशोबाचं वर्ष पाडव्यापासून धरा. तोवर माल विकून झालेला असतो आणि सालगड्याचं नवं सालही तेव्हाच ठरतं.

दोनशे पानी वही घ्या. पुढून घर, मागून वावर. रोख खर्च रात्री जेवणं झाल्यावर लिहा, आठवडी बाजाराचा पिशवी रिकामी करतानाच. वेचणीचं वजन बाईगणिक, रोजच्या रोज. पीएम किसानचे २,००० रुपये पासबुकात दिसल्यावरच जमा धरा.

खरी अडचण उधारीची. पहिली तीन वर्षं मी फक्त हातातून गेलेला पैसा लिहीत होते. जून ते ऑक्टोबर वही हलकी दिसायची, यंदा बरं चाललंय असं वाटायचं. मग सोयाबीन विकून दुकानात हिशोबाला बसलो. दुकानदाराच्या वहीत खताची दोन पोती आम्हाला जास्त वाटत होती. ती आणली होती की नाही, हे सांगायला माझ्याकडे एक ओळ नव्हती. गुमान पैसे मोजून दिले.

तेव्हापासून माझा नियम: माल घरात आला त्या दिवशी खर्च झाला, पैसे कधीही द्या. वहीच्या मधोमध दर दुकानाला एक पान ठेवा. ओळ अशी लिहा:

१८ जून, युरिया ४ पोती, दर २६६.५०, एकूण १,०६६, आणणार धाकटे भाऊजी.

आणणाऱ्याचं नाव सोडू नका. एकाच खात्यावर घरातले तिघं माल उचलतात आणि घोळ तिथंच होतो. भावही त्याच दिवशी विचारा. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यावर किंमत छापलेली असते, पण फवारणीच्या औषधाचा नगदी भाव वेगळा आणि उधारीचा वेगळा लागू शकतो. ‘भावाचं नंतर पाहू’ असं कोणी म्हटलं तर माल उचलू नका. पक्कं बिल घ्या. महिन्यातून एकदा दुकानाच्या वहीशी ताळा करून आपल्या पानावर सही घ्या. संबंध बिघडतील ही भीती मलाही होती. ते बिघडतात पाच महिन्यांनी, दोघांनाही काही आठवत नाही तेव्हा.

उधारी फेडली की त्या पानावर फक्त ‘फेडले’ लिहा. ती रक्कम पुन्हा खर्चात धरली तर एकच पोतं दोनदा मोजलं जातं. मी हे वर्षभर केलं आणि वावर तोट्यात आहे असं समजून बसले.

व्याजाची ओळ वेगळी ठेवा. शेकडा दोन ऐकायला थोडं वाटतं, पण ते महिन्याचं असतं. ४०,००० वर महिन्याला ८००, पाच महिन्यांत ४,०००. वर्षाला २४ टक्के. तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज ७ टक्क्यांनी मिळतं, वेळेत भरलं तर सवलतीनं ४ टक्के पडतं. बियाण्यासाठी आधी पीक कर्ज, मग बचत गट, दुकानाची उधारी सगळ्यात शेवटी. याबाबत मी घरात कोणाचं ऐकत नाही.

घरी खायला ठेवलेली तूर किलोत लिहा, म्हणजे डाळीचा खर्च किती वाचला ते कळतं. पाडव्याला दोन्ही बाजूंची बेरीज करा आणि राहिलेली उधारी दुकानदारासमोर नव्या वहीच्या पहिल्या पानावर उतरवा.