एकट्याने कंट्रोल लाइन विमान सोडताना पिन अडकत होती: माझा अनुभव

कंट्रोल लाइन विमान म्हणजे हातातल्या हँडलला तारांनी जोडलेलं, आपल्याभोवती वर्तुळात उडणारं मॉडेल विमान. एकटा असलो की त्याची शेपटी जमिनीत ठोकलेल्या खुंटीला पिनने अडकवतो आणि वर्तुळाच्या मध्यावरून दोरीने पिन ओढून विमान सोडतो. पण इंजिन पूर्ण वेगात असताना दोरी ओढली की पिन निघायचीच नाही. जोर लावला की खुंटीच हलायची. पिनला तेल लावलं, जाड दोरी घेतली, फरक शून्य. तीन रविवार वाया गेले, फार चिडचिड झाली. चूक दिशेची होती: पिन उभी आणि ओढ आडवी.

आता पिन आडवी, टोकाची कडी थेट वर्तुळाच्या मध्याकडे. आधी खुंटी तिरकी, डोकं विमानापासून दूर झुकवून ठोकतो. मग शेपटीच्या चाकाची तार खुंटीच्या खाचेत बसवून वरून गुळगुळीत पोलादी पिन. इंजिन बंद ठेवून विमान हाताने जोरात पुढे ओढून पाहतो; ही चाचणी कधीच टाळू नका. दोरी कंट्रोलच्या तारांच्या मागून, त्यांना न ओलांडता. इंजिन सुरू केल्यावर पंख्याच्या मागून निघतो, हँडलचा पट्टा मनगटात, एलेव्हेटर (विमान वर-खाली नेणारी शेपटीची झडप) वर-खाली हलवून तपासतो, वारा पाठीवर घेतो आणि दुसऱ्या हाताने दोरी ओढतो.