ओव्हन नसेल तर जुना कुकर काढा, पण झाकण त्याचं नको

मुंबईच्या ओट्यावर शेगडी, मिक्सर आणि पाण्याचा पिंप मावला की ओव्हनला जागा उरत नाही. तेव्हा असलेल्या भांड्यांनाच दुसरं काम लावायचं.

सोपं ते आधी. इडलीपात्रात उकडीचे मोदक होतात, फक्त एक आड एक ताटली काढून टाका, नाहीतर मोदकाचं नाक वरच्या ताटलीला लागून चेपतं. उकडलेला बटाटा गरम असतानाच पुरणयंत्रातून काढला तर पॅटिसमध्ये गुठळी राहत नाही. वड्याचा बटाटा मात्र हातानेच फोडा, यंत्रातून काढलेला चिकट होतो. बिर्याणीला दम देताना पातेल्याखाली भाकरीचा लोखंडी तवा ठेवा, तळ लागत नाही.

खरी गडबड होते ती कुकरमध्ये केक करताना. ‘शिटी आणि रिंग काढा, झाकण लावा, झालं’ असा सल्ला सर्रास मिळतो. तो अर्धवट आहे. शिटी-रिंग काढली तरी झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह तिथेच राहतो. बऱ्याच कुकरमध्ये त्याच्या मधोमध कमी उष्णतेला वितळणारा मिश्रधातू भरलेला असतो. आतलं पाणी संपून कुकर कोरडा तापला तर तो वितळावा आणि वाफ सुटावी, यासाठीच तो असतो. शिटी होते तेव्हा कुकरच्या आत साधारण १२० अंश सेल्सियस असतात आणि केकला लागतात १६० ते १८०. म्हणजे केक भाजताना तुम्ही नेमका तोच व्हॉल्व्ह उडवायची तयारी करता. त्यामुळे झाकण कपाटातच राहू द्या. कुकरवर कढईचं जाडसर, किंचित घुमटाकार झाकण ठेवा. सपाट ताटली चालते, पण वाफेचं पाणी तिच्या मध्यावर जमून थेट केकवर ठिबकतं. घुमट असेल तर ते कडेने ओघळतं.

कुकर ५ लिटरचा, साधा अॅल्युमिनियमचा आणि शक्यतो भंगारात द्यायच्या लायकीचा घ्या, कारण कोरड्या आचेने तळाचा रंग जातोच. झाकण आतून बसणाऱ्या कुकरचं तोंड अरुंद असतं, म्हणून डबा रिकामा असतानाच आत घालून बघा. डब्याच्या भोवती दोन बोटं मोकळी जागा हवी.

तळाशी बोटाच्या एका पेराइतका खडेमिठाचा थर द्या. मिठाने केक खुसखुशीत होतो वगैरे काही नाही, ते फक्त आच अंगावर घेऊन सगळीकडे पसरवतं. वाळूही चालते, पण चौपाटीवरची नको. मिठावर अडणी ठेवा, पाणी अजिबात घालू नका. झाकून मध्यम आचेवर १० मिनिटं तापवा.

रव्याच्या केकला १ वाटी बारीक रवा, पाऊण वाटी साखर, अर्धी वाटी दही, अर्धी वाटी दूध, पाव वाटी तेल. २० मिनिटं मुरू द्या. मग पाऊण चमचा बेकिंग पावडर आणि पाव चमचा सोडा घालून लगेच डब्यात ओता. डबा ६ इंची आणि अर्धाच भरलेला. इथे हावरटपणा केला की केक हमखास फसतो: उष्णता फक्त खालून येते, थर जाड झाला की तळ करपतो आणि मधला भाग कच्चा राहतो.

डबा ठेवल्यावर आच मंद करा, शक्यतो लहान बर्नरवर. ज्योत तळाबाहेर येऊन मुठीला चाटता कामा नये. पहिली २५ मिनिटं झाकण उचलायचं नाही. उचललंत तर उष्णता निघून जाते आणि फुगलेला केक मधोमध बसतो. ३५ ते ४० मिनिटांनी सुरीचं टोक खुपसून बघा, कोरडं आलं की झाला. वरची बाजू पांढरटच राहते, कारण वरून आच नाही. ती तांबूस व्हायची वाट पाहत बसलात तर खालून कोळसा होईल. पांढरी बाजू डोळ्यांना खुपत असेल तर केक उलटा करून वाढा.

कुकर निवला की मीठ त्याच दिवशी काढून बरणीत भरा. ते करडं पडतं, स्वयंपाकात घालू नका, पण पुढच्या केकला पुन्हा चालतं. आपल्या दमट हवेत रात्रभर कुकरमध्येच राहिलं तर मिठाला पाणी सुटतं आणि अॅल्युमिनियमला बारीक खड्डे पडतात. मीठ काढल्यावर कुकर विसळून, पुसून कोरडा करूनच ठेवा.